धाकट्याच्या हाती गाडीची चावी

धाकट्या भावाला लायसन्स मिळालं की थोरल्या बहिणीचा जीव टांगणीला लागतो, आणि घरचे म्हणतात, उगाच काळजी करतेस. ती उगाच नसते. क्लच-गिअर महिन्याभरात जमतात. पण थांबलेल्या एसटीच्या पुढून कुणीतरी अचानक रस्त्यावर येईल, हे आधीच ताडणारी नजर यायला बराच काळ जातो. रात्री आणि सोबत मित्र असताना तरुण चालकांचा धोका वाढतो. म्हणूनच न्यूझीलंडने १९८७ पासून परवाना टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली. तिथे मधल्या टप्प्यात रात्री १० ते पहाटे ५ एकट्याने गाडी चालवता येत नाही. आपल्याकडे शिकाऊ परवान्यानंतर ३० दिवसांनी चाचणी देता येते, आणि पक्का परवाना मिळाला की रात्रीची किंवा मित्रांची कसलीच अट राहत नाही. ती घरानेच घालायला हवी.

चालवल्याशिवाय हात कसा बसणार, असं कुणी विचारेल. रास्तच आहे, म्हणून चावी लपवणं हा उपाय नव्हे. पहिले काही महिने पावसात, घाटात, अंधारात त्याच्या शेजारी बसावं. आणि तो एकटा निघाला की ‘कुठे पोचलास?’ म्हणून फोन करू नये. त्या फोननेच त्याचं लक्ष रस्त्यावरून उडतं.