मदतीचा हात आखडतो तेव्हां

एका राष्ट्रानें दुसऱ्यास दिलेली मदत थांबली, म्हणजे प्रत्यक्षांत काय थांबतें, हें आज एका उदाहरणावरून पाहूं.

आफ्रिकेंतील सुदान देशांत एप्रिल २०२३ मध्यें यादवी युद्ध पेटलें. सरकारी व्यवस्था कोलमडली, तेव्हां राजधानी खार्टूम व इतर शहरांतील तरुणांनीं मोहल्ल्यामोहल्ल्यांत सार्वजनिक स्वयंपाकघरें उघडलीं. त्यांतील पुष्कळांचा शिधा अमेरिकेच्या पैशावर येई. २० जानेवारी २०२५ रोजीं अमेरिकेच्या अध्यक्षांनीं परदेशांस द्यावयाची विकासाची मदत ९० दिवसांसाठीं स्थगित केली. आणि थोड्याच आठवड्यांत ११०० हून अधिक, म्हणजे सुमारें ८० टक्के, स्वयंपाकघरें बंद पडल्याचें तेथील कार्यकर्त्यांनीं सांगितलें.

प्राण वाचविणाऱ्या मदतीस सूट आहे, असा खुलासा आठवड्याभरांतच झाला होता. परंतु पैसे चुकते करणारी यंत्रणाच थांबली होती, व ती चालविणारे नोकर रजेवर धाडले जात होते. परवानगी मिळाली, पण चूल पेटली नाहीं.

कारण ही मदत म्हणजे नुसती रक्कम नव्हे; ती एक सांखळी आहे. उधारी थकली कीं वाणी धान्य देत नाहीं. तीव्र कुपोषित मुलास शेंगदाणे, दूधभुकटी, साखर व तेल यांचें पौष्टिक मिश्रण सामान्यतः सहा ते आठ आठवडे रोज द्यावें लागतें. मध्येंच खंड पडला तर तें पुन्हां खंगतें. दुष्काळाची आगाऊ सूचना देणारी, १९८५ सालीं स्थापन झालेली अमेरिकन यंत्रणाही कांहीं महिने बंद राहिली. भूक वाढली, आणि ती मोजणाराही उठून गेला!

कोणी म्हणेल, परावलंबन सुटलेलें बरें. १९६५-६६ च्या अवर्षणांत अमेरिकन गव्हाची वाट पाहूनच आपण स्वयंपूर्णतेकडे वळलों ना? खरें आहे. परंतु आपल्यापाशीं चालतें सरकार होतें, कालवे होते, शेतकी विद्यापीठें होतीं. आणि आपलें पीक हातीं येईतों गव्हाचीं जहाजें, रखडत कां होईना, येत राहिलीं. सुदानास असें चालतें सरकार लाभलें नाहीं.

मदत किती द्यावी, हें दात्यानें ठरवावें. मात्र आगाऊ सूचना, पर्यायी सोय व चालू उपचारांची पूर्तता, एवढें तरी त्याच्याकडे मागणें गैर नाहीं. पंगत बसल्यावर वाढप्याच्या हातची पळी काढून घेणें, ही कांहीं काटकसर नव्हे.