पहिला ट्रम्पेट कॉल निवडताना

अमेरिकेत रानटी टर्कीची मुख्य शिकार वसंतात होते. दक्षिण फ्लोरिडात मार्चमध्येच हंगाम उघडतो, उत्तरेकडच्या राज्यांत तो मे महिन्यात रंगतो. पहाटे नर टर्की रात्रीच्या झाडावरूनच ‘गॉबल’ करायला लागतो, आसपासच्या माद्यांनी आपल्याकडे यावं म्हणून. शिकारी झाडाला पाठ टेकून बसतो, मादीचा आवाज काढतो आणि नराला आपल्याकडे बोलावतो. ही मागणी निसर्गाच्या रीतीच्या उलट आहे. एरवी मादी नराकडे चालत जाते, म्हणून नर बराच वेळ जागच्या जागी पिसारा फुलवून तिची वाट पाहत राहतो. आवाज पटला तरच तो पाऊल उचलतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत या शिकारीसाठी ध्वनिमुद्रित आवाज वाजवायला मनाई आहे. आवाज शिकाऱ्यानेच काढायचा असतो.

त्यासाठी साधनं अनेक आहेत. लाकडी डबीवर झाकण घासून वाजणारा बॉक्स कॉल सगळ्यांत सोपा. त्याचं पेटंट 1897 सालचं आहे. स्लेटच्या चकतीवर काडी घासतात तो पॉट कॉल त्याच्या पाठोपाठ. टाळूला चिकटवायचा पडद्याचा डायफ्रॅम कॉल हात मोकळे ठेवतो, म्हणून आज तो सर्वाधिक शिकाऱ्यांच्या तोंडात दिसतो. ट्रम्पेट कॉल या सगळ्यांहून वेगळा आणि शिकायला अवघड. तरीही ज्याला तो एकदा जमला तो सहसा सोडत नाही, कारण त्याचा ‘क्लक’ कोरडा, स्पष्ट असतो आणि त्याची हाक रानात लांबवर पोचते. शिवाय ज्या नराने सगळा हंगाम डायफ्रॅमच ऐकलेत, त्याच्या कानाला हा आवाज नवा असतो.

दिसायला ही लहानशी तुतारीच आहे: ओठांकडे बारीक नळी, मध्ये लाकडाचा दांडा, टोकाला थोडं रुंद होत गेलेलं तोंड. पण तुतारीत श्वास फुंकतात, इथे तो आत ओढायचा असतो. आत रीड नाही, पडदा नाही. नळीचं टोक ओठांच्या मध्यभागी किंवा किंचित एका बाजूला ठेवायचं, ओठ घट्ट मिटायचे आणि पोपटाला बोलावताना मुका घेतल्यासारखा आवाज करतो तशी हवा ओढायची. ओठांची ओलसर कड थरथरते, तिचा आवाज नळीतून मोठा होऊन बाहेर पडतो. म्हणजे वाद्य खरं तर ओठच आहेत. पहिला ट्रम्पेट निवडण्याचं सगळं शहाणपण या एका गोष्टीत आहे.

मादीची नेहमीची हाक म्हणजे ‘येल्प’. तिचा प्रत्येक सूर दोन पायऱ्यांचा असतो. सुरुवात वरच्या, पातळ स्वरात होते आणि लगेच तो स्वर खाली, जरा खरखरीत जागी उतरतो. ट्रम्पेटवर हे उतरणं ओठ आणि जबडा यांनी करायचं. सुरुवातीला ओठ आवळलेले, मग खालचा जबडा किंचित सैल. असे चार-पाच, कधी सात-आठ सूर ठेक्यात आले की मादी बोलली. क्लक म्हणजे एकच तुटक मुका, मागेपुढे काही नाही. नवशिक्याने स्वराच्या गोडव्यामागे लागू नये. रानातल्या खऱ्या माद्याही कधीकधी फार बेसूर ओरडतात. ठेका चुकला तर मात्र नर गप्प होतो.

या कॉलचा मूळ अवतार टर्कीच्याच पंखाच्या हाडांचा. अमेरिकेतले मूलनिवासी लोक अशी हाडं हाकेसाठी वापरत. आजही ‘विंगबोन’ कॉल तसाच बनतो. पंखाच्या मधल्या भागातलं बारीक हाड ओठांकडे, त्याच भागातलं जाड हाड मध्ये, खांद्याकडचं सर्वांत रुंद हाड टोकाला. तिन्ही उकळून, साफ करून एकात एक बसवायची आणि चिकटवायची. बारीक हाड मादीचं असलं तर आवाज पातळ आणि खरा येतो, असं कारागीर सांगतात. पण वसंतात शिकार मुख्यतः नराचीच होते, त्यामुळे अनेकांना वर्षाच्या कोवळ्या नराच्या हाडावर भागवावं लागतं. 1914 साली एडवर्ड मॅकिलहेनी यांनी अलाबामाचे शिकारी चार्ल्स जॉर्डन यांच्या टिपणांवरून ‘द वाइल्ड टर्की अँड इट्स हंटिंग’ हे पुस्तक काढलं. पंखाच्या हाडाच्या कॉलविषयी त्यात बारकाईने लिहिलं आहे. आजचा ट्रम्पेट म्हणजे हाच विंगबोन, फक्त लेथवर कातलेल्या लाकडात उतरलेला.

आता निवडीकडे. दुकानात किंवा कारागिराकडे गेल्यावर डोळा लाकडावर जातो. आफ्रिकन ब्लॅकवूडचा काळा तुकतुकीत दांडा, कोकोबोलोच्या नारिंगी रेषा, चांदीची कडी. ब्लॅकवूड आणि कोकोबोलो ही दोन्ही लाकडं आपल्या सह्याद्रीतल्या शिसवाच्याच कुळातली, त्यामुळे मराठी माणसाचा हात तिकडे आधी गेला तर नवल नाही. पण पहिल्या खरेदीत लाकूड शेवटी बघावं. लाकडाने आवाजाचा रंग थोडा बदलतो. कॉल बोलणार की नाही हे ओठांकडची नळी ठरवते.

म्हणून आधी नळी हातात घ्या. तिचा आतला व्यास साधारण तीन मिलिमीटरच्या आसपास असतो. भोक अरुंद असेल तर थोड्या हवेत सूर लागतो, नवशिक्याला ते बरं पडतं. भोक मोठं असेल तर आवाज भरदार येतो, पण ओठांवर ताबा नसेल तर नुसती हवा सुसकारते. ओठांकडची कड बोटाने चाचपून बघा. ती गोलसर आणि गुळगुळीत हवी. धारदार कडेने अर्ध्या तासात ओठ सोलवटतात, मग सरावच बंद पडतो. नळी पितळेची, हाडाची किंवा डेलरिनसारख्या टणक प्लास्टिकची मिळते. पहिल्या कॉलसाठी माझा कौल डेलरिनला. पितळ पहाटेच्या थंडीत ओठाला झोंबतं आणि हाड निष्काळजी हातात तडकतं. डेलरिन पुसून टाकलं की झालं.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे लिप-स्टॉप, नळीवरची ती छोटी चकती किंवा रबरी कडी. ओठ तिला टेकले की नळी दर वेळी तेवढीच आत जाते. पाच मिनिटांपूर्वी जमलेला सूर आता का जमत नाही, याचं उत्तर बहुधा इथेच असतं, कारण नळी केसभर जास्त आत गेली की सूर हरवतो. प्रत्येकाच्या ओठांची जाडी वेगळी, दातांची ठेवण वेगळी. म्हणून पहिल्या कॉलचा लिप-स्टॉप मागेपुढे सरकवता येणारा असावा. पक्का डकवलेला लिप-स्टॉप कारागिराच्या ओठांच्या मापाचा असतो, तुमच्या नव्हे.

उरलेल्या गोष्टी झटपट. टोकाचं रुंद तोंड तुमच्या मुठीत सहज मावलं पाहिजे, कारण आवाज दाबणं, उघडणं आणि वळवणं हे सगळं त्या मुठीनेच होतं. बोटं मिटली की मादी दूर गेल्यासारखी वाटते, उघडली की जवळ आल्यासारखी. गळ्यात अडकवायला दोरी हवीच, कारण बंदूक उचलताना कॉल गवतात टाकायची वेळ येते. लाकडावर लाख किंवा तेलाचा थर नीट असावा. थुंकी आत जातेच आणि कोरडं लाकूड ती पिऊन फुगतं. सराव संपला की पाइप क्लीनरने नळी पुसायची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या.

किमतीचं म्हणाल तर साधा कारखानी ट्रम्पेट शंभर डॉलरच्या आत मिळतो, नावाजलेल्या कारागिराचा काही शे डॉलरला. मधला रस्ता घ्यावा. फार स्वस्त कॉल बोलला नाही तर दोष ओठांचा की नळीचा हे कळत नाही, आणि माणूस हात टेकतो. महागड्या कॉलमधलं बारीक कसब मात्र नव्या ओठांना अजून वापरताच येत नाही. शक्य असेल तर कारागिराला स्वतः वाजवून दाखवायला सांगा, मग तोच कॉल स्वतः वाजवा. त्याने काढलेला सूर आणि तुमचा सूर यांच्यातलं अंतर म्हणजे पुढचा अभ्यास. दुसऱ्याने ओठ लावलेला कॉल घ्यायला संकोच वाटला तर नळी उकळून कोमट केलेल्या पाण्याने धुवा, पण वाजवल्याशिवाय घेऊ नका.

ट्रम्पेटची एक अडचण आधीच माहीत असावी. त्याला बहुधा दोन्ही हात लागतात, आणि टर्कीची नजर विलक्षण तीक्ष्ण असते. नर टप्प्यात आला की कॉल सोडून हात बंदुकीवर गेलेला असला पाहिजे. म्हणूनच बरेच जुने शिकारी दूरची हाक ट्रम्पेटवर देतात आणि शेवटच्या काही हातांच्या अंतरात डायफ्रॅमवर येतात.

आणि सुरक्षितता. तुम्ही हुबेहूब टर्कीसारखे बोलू लागलात की त्याच रानातला दुसरा शिकारीही तुमच्या दिशेने येऊ शकतो. नराच्या डोक्यावर लाल, पांढरा आणि निळा रंग असतो, म्हणून यातला एकही रंग अंगावर नको, अगदी रुमालही नको. खांद्यांहून रुंद झाडाला पाठ लावून बसा. कुणी येताना दिसलं तर हात हलवू नका, कॉलही वाजवू नका. मोठ्याने माणसाच्या आवाजात हाक मारा. सार्वजनिक जमिनीवर नराचा गॉबल कधीही काढू नका.

ओठ तयार व्हायला महिने लागतात. म्हणून कॉल डिसेंबर-जानेवारीतच घ्या, रोज दहा-पंधरा मिनिटं वाजवा, आणि एकीकडे जिथे शिकार करणार त्या राज्याचा परवाना आणि शिकारी-शिक्षणाचा कोर्स उरकून टाका. पहिल्या आठवड्यात घरचे कंटाळतील, त्यांना आधीच सांगून ठेवा.