शाळा एक, घरे अनेक

एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांना समान संधी मिळाली, असे आपण सहज म्हणून जातो. बाक तोच, पुस्तक तेच, प्रश्नपत्रिकाही तीच. मात्र शाळा गृहीत धरते ते घर दोघांचे सारखे नसते. अभ्यासाला कोपरा, अडले तर सांगणारे माणूस, वेळेवर जेवण आणि वर्षभर एकाच गावातला मुक्काम हे सारे घराने पुरवावे, अशी शाळेची न बोललेली अट असते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी घरातून मिळणाऱ्या या शिदोरीला ‘सांस्कृतिक भांडवल’ म्हटले. ज्या घरात पुस्तकी मराठी बोलली जाते, तिथले मूल पहिल्या दिवशीच थोडा धडा शिकून आलेले असते. कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलीला आधी भाषा ओलांडावी लागते, मग धडा. परीक्षा या अंतराला ‘हुशारी’ असे नाव देते. बोर्द्यू यांचा आक्षेप नेमका इथे आहे : वारशाने आलेल्या गोष्टीवर शाळा गुणवत्तेचा शिक्का मारते. अमेरिकेत 1966 साली जेम्स कोलमन यांच्या अहवालानेही असेच काही दाखवले. मुलांच्या यशातला फरक शाळांच्या साधनसामग्रीपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीतून अधिक उलगडतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण ऊसतोडीचे. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे. मुकादमाकडून उचल घेतलेली बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली कुटुंबे तेव्हा गाव सोडतात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. त्या कोयत्यामागून जाणारे मूल कोणत्याच हिशेबात नसते. थोरली मुलगी असेल तर कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळणे तिच्याकडे येते. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. पटावर या मुलीचे नाव असतेही. पण अर्धे वर्ष ती वर्गात नसते, आणि उरलेल्या अर्ध्या वर्षात ती ‘मागे पडलेली’ ठरते.

यावरचा विचार महाराष्ट्राने फार पूर्वी केला होता. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, म्हणजे ते मुलांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, असेही त्यांनी सुचवले. घर आणि शाळा यांतले अंतर शाळेने कापावे, हा त्याचा अर्थ. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात 1901 पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना बळ दिले आणि 1917 मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली. शाळेसाठी लागणारे घर ज्यांच्यापाशी नाही त्यांना आधी ते द्यावे लागते, हे या माणसांना पक्के ठाऊक होते.

ऊसतोड मजुरांच्या मुलांना गावीच राहून शिकता यावे, म्हणून निघालेली हंगामी वसतिगृहांची योजना याच विचाराची वारस आहे. तिचे यश मात्र तारखेवर अवलंबून आहे. वसतिगृह आईबाप निघण्याआधी सुरू झाले पाहिजे. गाडी भरून गेल्यावर उघडलेल्या दारातून शिरायला गावात मूल उरलेले नसते. गरीब पालकांना शिक्षणाची आस्था नाही, असा निवाडा करण्यापूर्वी त्या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात.