गोड शेवट चालेल, पण आधी थंडी हवी

दिवाळीत कोसाडमधली आमची बिल्डिंग निम्मी रिकामी होते. खानदेशातली मंडळी नंदुरबार-भुसावळकडच्या गाड्या पकडून गावी जातात. यंदा भाड्याचा हिशेब जमला नाही, म्हणून आम्ही इथेच राहिलो. त्या सुट्टीत मी मैत्रिणीने दिलेली एक इंग्रजी ख्रिसमस प्रेमकादंबरी वाचली. मुखपृष्ठावर बर्फ, दिवे, कॉफीचे मग. म्हटलं, चला, कुठेतरी तरी जाऊन येऊ! पण पुस्तक मिटलं तेव्हा हाती काहीच लागलं नव्हतं. असं का झालं, याचा विचार करून हे लिहिते आहे.

अशा कादंबऱ्यांचा साचा ठरलेला असतो. शहरातली नायिका सणासाठी छोट्या गावी परतते, तिथे जुना मित्र भेटतो, गैरसमज होतो आणि नाताळच्या रात्री तो मिटतो. शेवट गोड होणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं. हा दोष नाही. आपल्या कीर्तनातही पुढचं माहीत असतंच की! जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा (1813) शेवटही लग्नातच होतो. पण तिथे बहिणींच्या डोक्यावरचं छप्पर जायची भीती खरी आहे.

माझ्या कादंबरीत काय होतं? नायकाला एका बाईसोबत पाहून नायिका रुसते. ती बाई त्याची बहीण निघते. एक फोन केला असता तर निम्मं पुस्तक वाचलं असतं! तिच्या आईची बेकरी कर्जात बुडालेली, ते कर्ज दोन पानांत फिटतं. शिवाय सणात कोणी कामावर नसतं, रजेचे पैसे कोणाचे कापले जात नाहीत.

चार्ल्स डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरोल’ 19 डिसेंबर 1843 ला प्रसिद्ध झालं आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत पहिल्या आवृत्तीच्या 6000 प्रती संपल्या. त्यातला कारकून बॉब क्रॅचिट आठवड्याला 15 शिलिंगांवर राबतो. नाताळची एक दिवसाची भरपगारी सुट्टीसुद्धा मालक स्क्रूज कुरकुरत देतो. इथे लूमवर मीटरच्या हिशेबाने मजुरी घेणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. स्क्रूजचंही प्रेम होतं, पैशाच्या हव्यासापायी त्याने ते गमावलं. म्हणून तो बदलतो तेव्हा आपल्यालाही ऊब लागते.

मराठीतही उदाहरण आहे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 ची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. यमुना प्रवासात विधवांची दुःखं पाहते, पुढे स्वतः विधवा होते आणि शेवटी पुन्हा लग्न करते. कादंबरीत उपदेश भरपूर आहे, कबूल. पण तो शेवट फुकट मिळालेला नाही. त्या काळी विधवेने संसार थाटणं केवढं अवघड होतं, हे लेखकाने आधी दाखवलेलं असतं.

आणि मूळ नाताळची गोष्ट तरी कुठे उबदार आहे? लूकच्या शुभवर्तमानात दिवस भरलेली मरीया नावनोंदणीसाठी बेथलेहेमला जाते, उतारशाळेत जागा मिळत नाही, बाळ गव्हाणीत ठेवावं लागतं. जागा नव्हती, म्हणून तर गव्हाणीला अर्थ आला.

तेव्हा गोड गोष्टी जरूर वाचा, मीही वाचणार. फक्त पुस्तक मिटल्यावर एक प्रश्न विचारा: या लोकांचं काय हरवू शकलं असतं? उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर ते पुस्तक म्हणजे नुसतं मुखपृष्ठच.