व्हर्च्युअल मशीनची डिस्क ‘गायब’ का झाली? व्हर्टआयओ ड्रायव्हरची गोष्ट

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. लॅपटॉपवर लिनक्स होतं आणि त्यात एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला खोटा कॉम्प्युटर. माझा सगळा प्रोजेक्ट त्या खोट्या कॉम्प्युटरच्या आत. सबमिशनच्या आदल्या रात्री एक सिनियर म्हणाला, “अरे, डिस्कचा प्रकार आयडीई ठेवलायस. व्हर्टआयओ कर, पळायला लागेल बघ.” सेटिंगमध्ये गेलो, बदललं, मशीन चालू केली. काळ्या स्क्रीनवर एकच तक्रार: रूट डिस्क सापडत नाही.

पोटात गोळाच आला. बॅकअप? अर्थातच नव्हता.

त्या रात्री नेमकं काय झालं ते कळायला आधी ड्रायव्हर समजून घेऊ. हे फक्त लॅपटॉपवाल्यांसाठी नाही बरं का. अँड्रॉइड फोनमध्येही आता व्हर्च्युअल मशीन आलंय, त्यावर शेवटी येतोच.

ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल. पण प्रत्येक डिस्कशी किंवा नेटवर्क कार्डशी कसं बोलायचं, हे माहीत असतं त्याच्या ड्रायव्हरला. तो दुभाषा. आता व्हर्च्युअल मशीनमध्ये खरी डिस्क नसतेच. होस्टवर, म्हणजे बाहेरच्या खऱ्या सिस्टीमवर, एक मोठी फाइल असते आणि क्यूएमूसारखा प्रोग्रॅम आत सांगतो की ही बघ डिस्क. जुन्या पद्धतीत तो चक्क नाटक करतो: मी इंटेलचा जुना आयडीई कंट्रोलर आहे, मी रिअलटेकचं नेटवर्क कार्ड आहे. आतल्या गेस्ट कर्नलला पत्ताच नसतो. तो नेहमीचा ड्रायव्हर लावतो आणि सगळं चालतं.

चालतं, पण रडतखडत. आयडीई डिस्कला एक साधी आज्ञा द्यायची तर किती सेक्टर, पत्त्याचे तीन तुकडे, कोणती डिस्क आणि शेवटी कमांड, अशा किमान सहा रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. खऱ्या हार्डवेअरवर हे किरकोळ काम. इथे मात्र प्रत्येक वेळी गेस्ट जागच्या जागी थांबतो, प्रोसेसर बाहेर होस्टकडे येतो, क्यूएमू काय लिहिलं ते बघतो आणि मग परत आत. अशा एकेका फेरीत प्रोसेसरची हजारो सायकल्स जातात. आणि हे सगळं कशासाठी? जे हार्डवेअर तिथे नाहीच, त्याचं नाटक वठवण्यासाठी!

वाण्याच्या दुकानात जाऊन “साखर द्या” म्हणायचं, घरी यायचं, मग “दोन किलो” सांगायला परत जायचं, तसा प्रकार. त्यापेक्षा यादी लिहून दिली आणि बेल वाजवली तर?

व्हर्टआयओ म्हणजे ही यादी. इथे नाटक नाही. गेस्टला स्पष्ट माहीत असतं की समोरचं उपकरण व्हर्च्युअल आहे, आणि दोघं आधी ठरलेल्या पद्धतीने बोलतात. रस्टी रसेल या लिनक्स डेव्हलपरने हे मांडलं आणि जानेवारी २००८ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२४ मध्ये ते दाखल झालं. तेव्हा लिनक्समध्ये झेन, केव्हीएम, आयबीएमच्या मोठ्या मशीन्स अशा किमान आठ वेगवेगळ्या व्हर्च्युअलायझेशन सिस्टीम होत्या आणि ज्याचे त्याचे ड्रायव्हर निराळे. म्हणजे एकच सुधारणा आठ ठिकाणी करायची. पुढे व्हर्टआयओ १.० हे ओएसिस संस्थेचं अधिकृत स्पेसिफिकेशन झालं.

आता यादी नेमकी कशी असते ते बघू, कारण खरी मजा इथेच आहे. गेस्ट आणि होस्ट दोघांना दिसेल अशा मेमरीत एक रांग असते, तिला व्हर्टक्यू म्हणतात. तिचे तीन भाग. पहिलं डिस्क्रिप्टर टेबल: १६ बाइटची एकेक नोंद, ज्यात डेटा मेमरीत कुठे आहे, किती मोठा आहे आणि पुढची नोंद कोणती ते असतं. दुसरी ‘अव्हेलेबल’ रिंग: ड्रायव्हर इथे लिहितो की ही कामं तयार आहेत, घ्या. तिसरी ‘यूज्ड’ रिंग: होस्ट इथे लिहितो की ही झाली. डिस्कवर काही लिहायचं असेल तर साधारण तीन नोंदी साखळीने जोडतात: काय करायचं आणि कोणत्या सेक्टरवर हे सांगणारं १६ बाइटचं हेडर, मग खुद्द डेटा, आणि शेवटी एक बाइट रिकामा, ज्यात होस्ट जमलं की नाही ते लिहितो.

ड्रायव्हर अशी पाच-पंचवीस कामं रांगेत टाकतो आणि एकदाच बेल वाजवतो. होस्ट आधीच कामात असेल तर तो पाटीच लावून ठेवू शकतो की बेल वाजवू नका, मी बघतोय. म्हणजे तेवढीही फेरी वाचली.

अजून एक गोष्ट मला फार आवडते. सुरुवातीला उपकरण आपल्याला काय काय जमतं त्याची यादी दाखवतं आणि ड्रायव्हर त्यातलं स्वतःला कळतं तेवढंच स्वीकारतो. त्यामुळे जुना ड्रायव्हर नव्या उपकरणाबरोबरही नांदतो.

पण एक अट आहेच: गेस्टकडे व्हर्टआयओचा ड्रायव्हर हवा. लिनक्समध्ये तो असतो, विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये नसतो. म्हणून व्हर्टआयओ डिस्कवर विंडोज टाकताना यादीत एकही डिस्क दिसत नाही आणि पोरं घाबरतात. घाबरायचं काही नाही. व्हर्टआयओ-विन नावाची आयएसओ जोडा, ‘लोड ड्रायव्हर’ दाबा, डिस्क दिसते.

माझी भानगड मात्र वेगळी होती. लिनक्समध्ये आयडीईवाल्या डिस्कचं नाव असतं एसडीए, व्हर्टआयओवालीचं व्हीडीए. मी कुठल्यातरी जुन्या ट्युटोरियलमध्ये बघून बूटच्या सेटिंगमध्ये एसडीए हे नाव हाताने टाकलं होतं. कर्नल बिचारा एसडीए शोधत बसला. ती फाइल उडवून सगळं नव्याने टाकायच्या बेतात होतो, तेवढ्यात सुचलं की डिस्कचा प्रकार परत आयडीई करून तरी बघू. मशीन सुरू झाली, प्रोजेक्ट जागच्या जागी! डेटाला धक्काच लागला नव्हता, फक्त त्याच्यापर्यंत जायचा दरवाजा बदलला होता. मग नावाऐवजी डिस्कचा यूयूआयडी टाकला, पुन्हा व्हर्टआयओ केलं आणि चाललं. वेग वाढला, पण कंपाइल करणं हे मुख्यतः प्रोसेसरचं काम, त्यामुळे सिनियर म्हणाला तसं ‘पळायला’ वगैरे लागलं नाही.

आता फोन. अँड्रॉइड १३ पासून फोनमध्ये व्हर्च्युअल मशीन चालवायची अधिकृत सोय आली आणि मार्च २०२५ पासून पिक्सेल फोनवर टर्मिनल अ‍ॅपमधून डेबियन लिनक्स चालवता येतं. आतली डिस्क व्हर्टआयओचीच. पण फोनमध्ये एक नवा पेच येतो. तिथे काही ‘संरक्षित’ मशीन्स असतात, ज्यांची मेमरी खुद्द अँड्रॉइडलाही वाचता येऊ नये असा हेतू असतो. आणि व्हर्टआयओ तर सामायिक मेमरीवर उभं! मग उपाय असा: मेमरीचा एक छोटा तुकडाच उघडा ठेवायचा, जाणारा-येणारा डेटा तिथे कॉपी करायचा आणि गुपित असेल ते आधीच एन्क्रिप्ट करून ठेवायचं. ड्रायव्हरलाही आता वाण्यावर डोळे झाकून भरवसा ठेवता येत नाही. ‘काम झालं, इतके बाइट लिहिले’ असं होस्टने कळवलं, तर तेवढी जागा मुळात दिली होती का, हे आधी तपासायचं आणि मगच डेटाला हात लावायचा.