नसलेल्या पंडिताचा सिद्धांत

गणिताचे मास्तर म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे काळी टोपी, हातातील छडी आणि कपाळावरची आठी एवढेच उभे राहते. गवयांच्या लहरीपणाच्या गोष्टी आपण रात्र रात्र सांगू, शास्त्रीबुवांच्या विनोदालाही दाद देऊ. पण गणिती माणूस हसतो, सोंगे आणतो, चक्क खोड्या काढतो, हे काही आपल्याला खरे वाटावयाचे नाही. मला मात्र या मंडळींच्या खोड्यांचा फार दिवसांपासून नाद आहे. त्यांतली एक तर अगदी आपल्या घरातली आहे, म्हणून ती आज वाचकांपुढे ठेवतो.

खोडीचे नायक दामोदर धर्मानंद कोसंबी. बडोद्याच्या जुन्या कुटुंबांना हे घराणे परके नाही. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे थोर पंडित. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले आणि वर्षाला एक पुस्तक संस्थानासाठी लिहावे, अशी अट घातली. चिरंजीव दामोदर १९०७ साली गोव्यात जन्मले, अमेरिकेत हार्वर्डला शिकले आणि १९२९ मध्ये परत येऊन काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात व नंतर अलीगढला गणित शिकवू लागले. अलीगढला त्या वेळी आंद्रे वेय नावाचा एक तरुण फ्रेंच गणितज्ञ प्राध्यापक होता. दोघेही ऐन पंचविशीच्या आसपासचे, दोघेही बुद्धीने तल्लख आणि जिभेने तिखट. मग काय विचारता!

वेयने आपल्या पॅरिसच्या विद्यालयातली एक गोष्ट कोसंबींना सांगितली. १९२३ साली तेथे वरच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने खोटी दाढी लावून, पाहुण्या प्राध्यापकाचे सोंग आणून नवख्या मुलांपुढे व्याख्यान झोडले होते. त्यातील सिद्धांतांना त्याने फ्रेंच सेनापतींची नावे दिली होती आणि सर्वांवर कळस म्हणून शेवटी आला तो ‘बूर्बाकीचा सिद्धांत’! कोसंबींचे त्या दिवसांत एका सहकाऱ्याशी खटके उडत होते. वेयने सुचविले की, या बूर्बाकीचा हवाला देऊन एखाद्या प्रांतिक पत्रिकेत लेख लिहावा. पाहू या कोण ओळखतो ते.

१९३१ साली संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत कोसंबींचा तीन पानी लेख खरोखरच छापून आला. विषय : बूर्बाकीच्या दुसऱ्या सिद्धांताचे व्यापक रूप. हा बूर्बाकी म्हणे एक अप्रसिद्ध रशियन गणितज्ञ होता आणि क्रांतीच्या धामधुमीत विषप्रयोगाने मेला. सिद्धांताच्या मूळ धन्याचा जन्मच झालेला नव्हता, ही शंका संपादकांना शिवली नाही. गणिताच्या छापील वाङ्मयात बूर्बाकी अवतरला तो असा, एका गोमंतकीयाच्या लेखणीतून.

पुढे १९३५ मध्ये वेय आणि त्याच्या मित्रांनी फ्रान्समध्ये एक मंडळ काढले. सगळे गणित पायापासून नव्याने रचून लिहावयाचे, पण ग्रंथावर कोणा एकाचे नाव घालावयाचे नाही. लेखक एकच, निकोला बूर्बाकी. या काल्पनिक गृहस्थाचे ग्रंथ १९३९ पासून निघू लागले आणि जगातील विद्यापीठांनी ते डोक्यावर घेतले. वाचक जेथे घसरण्याचा संभव, तेथे समासात रस्त्यावरच्या धोक्याच्या वळणासारखी खूण छापण्याची प्रथा त्यांचीच. राल्फ बोअस या अमेरिकन गणितज्ञाने विश्वकोशाच्या वार्षिकात ‘बूर्बाकी हे एका मंडळाचे टोपणनाव आहे’ असे लिहिले, तेव्हा बूर्बाकीने संतापून निषेधाचे पत्र धाडले. एवढ्यावर न थांबता मंडळींनी आवई उठवली की, बोअस नावाचा कोणी माणूसच नाही. ती एका नियतकालिकाच्या संपादकांच्या नावांची आद्याक्षरे आहेत!

आता कोणी म्हणेल, ही तर नुसती पोरकट थट्टा. मला तसे वाटत नाही. आपल्याकडे मोठ्या नावाचा दरारा फार. ‘अमुक पंडितांनी म्हटले आहे’ एवढे ऐकले की आपण मान डोलावतो आणि पुढचे वाचणे सोडून देतो. गणितात ही सोय नाही. तेथे नाव खोटे असूनही सिद्धता खरी ठरू शकते. बूर्बाकीचे ग्रंथ हा त्याचा पुरावा. आणि उलटही घडते, हे कोसंबींना स्वतःलाच सोसावे लागले. इतिहासकार म्हणून आणि अनुवंशशास्त्रातील आपल्या सूत्रामुळे ते जगन्मान्य झाले होते. रीमान याने १८५९ साली मांडलेले अनुमान आपण सोडविले, अशा अर्थाचा लेख त्यांनी १९५९ मध्ये कृषिसंख्याशास्त्राच्या एका पत्रिकेत छापला. या वेळी थट्टा नव्हती, नाव खरे होते, मोठे होते. पण सिद्धता टिकली नाही. टीका झाली, प्रतिष्ठेला धक्का बसला. १९६२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांचे काम सुटले आणि १९६६ मध्ये ते वारले. ते अनुमान आजही सुटलेले नाही.

याच न्यायाची सुखाची बाजू म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. देवळालीच्या शाळेतले हे शिक्षक १९६२ साली निवृत्त झाले. जवळ मोठी पदवी नाही, नुसता आकड्यांचा छंद. एका संख्याजातीला त्यांनी डोंबिवली स्टेशनच्या नावावरून ‘डेम्लो’ असे नाव ठेवले! विद्वानांनी नाके मुरडली. पण १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि हे मास्तर जगभर ठाऊक झाले.

त्यांची सर्वांत गाजलेली गंमत आज रात्री जेवणे आटोपल्यावर नातवंडांना घेऊन करून पाहावी. चार आकड्यांची कोणतीही संख्या घ्या. मात्र चारही आकडे एकच नसावेत. आकडे उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि उत्तरावर पुन्हा तेच. कोसंबींच्या खोडीचे साल १९३१ घेऊ. ९३११ मधून ११३९ गेले, उरले ८१७२. पुढे क्रमाने ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. यापुढे कितीही वजा करा, ६१७४ हलत नाही. संख्या कोणतीही घ्या, फार तर सात वजाबाक्यांत याच मुक्कामाला येते. हे कापरेकरांनी म्हटले म्हणून मानू नका. पाटी घ्या आणि करून पाहा.