फवारणीच्या ड्रोनची बॅटरी : उड्डाण नसताना घ्यावयाची निगा

फवारणीचे ड्रोन आता आपल्या शिवारास अपरिचित राहिलेले नाहीत. केंद्र सरकारने २०२३ साली ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. तीत १५,००० महिला बचत गटांस ड्रोन देण्याचे योजून किमतीच्या ८० टक्के, परंतु ८ लाख रुपयांपर्यंत, साहाय्य ठेवण्यात आले. ज्या गटांनी अथवा शेतकऱ्यांनी उरलेला पैसा कर्ज काढून घातला आहे, त्यांचे हप्ते या यंत्राच्या कमाईवर फिटावयाचे आहेत. यंत्राचे पंखे व नळ्या स्वस्तात बदलता येतात. बॅटरी मात्र महाग, आणि तीच सर्वांत आधी निकामी होणारी. सबब तिच्याविषयी आमच्या शेतकरी बंधुभगिनींपुढे चार शब्द ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिली गोष्ट ही की, ही बॅटरी जितकी आकाशात झिजते, तितकीच, किंबहुना अधिक, फळीवर पडल्यापडल्या बिघडते. याचे कारण आपली जुनी सवय. ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी शिशाची असते. ती उतरलेली ठेवली तर तिच्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो. म्हणून ती नेहमी भरलेली ठेवावी, हे आपणांस ठाऊक आहे. तोच नियम आपण ड्रोनच्या लिथियम बॅटरीस लावतो आणि येथेच घात होतो. लिथियमची बॅटरी पूर्ण भरून दीर्घकाळ ठेवू नये, व पूर्ण उतरवूनही ठेवू नये. तिला विश्रांती हवी ती निम्म्या भारावर.

असे का, हे थोडक्यात सांगतो. पूर्ण भरलेल्या स्थितीत आतील रासायनिक द्रव हळूहळू विघटन पावतो, वायू धरतो व सेल फुगतात. उष्णता अधिक असेल तर ही क्रिया झपाट्याने होते. उलटपक्षी, सेल फार उतरला तर आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि पुढे चार्ज करताना ते तांबे भलत्या जागी साचून आतल्या आत वीज जोडली जाण्याचा धोका असतो. अशी बॅटरी वरून धड दिसली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नये.

आता आकडे पाहू. सामान्य लिथियम पॉलिमर सेल ४.२ व्होल्टवर पूर्ण भरतो. साठवणीस तो ३.८० ते ३.८५ व्होल्टवर असावा, आणि ३ व्होल्टच्या खाली कधीही जाऊ देऊ नये. म्हणजे १२ सेलांची बॅटरी ४५.६ ते ४६.२, व १४ सेलांची ५३.२ ते ५३.९ व्होल्टवर ठेवावी. बहुतेक चांगल्या चार्जरांत साठवणीची स्वतंत्र कळ असते. तिने बॅटरी आपोआप या दाबावर येते. काही बॅटऱ्यांचा पूर्ण दाब याहून अधिक असतो. तेथे निर्मात्याची पुस्तिकाच प्रमाण मानावी. दुसऱ्या दिवशी फवारणी असेल तर बॅटरी रात्रभर भरलेली राहिल्याने बिघडत नाही. परंतु पावसाने काम चार-सहा दिवस लांबले, तर ती उतरवून साठवणीच्या दाबावर आणावी.

औतावरून सुटलेल्या बैलास कोणी लगेच दुसऱ्या कामास जुंपत नाही. तीच दया येथेही दाखवावी. उड्डाणावरून आलेली बॅटरी हातास कोमट लागेपर्यंत सावलीत निवू द्यावी व मगच चार्जरला लावावी. निफाडकडील द्राक्षबागाईतदारांनी याच्या उलट काळजी घ्यावी : थंडीच्या पहाटे गारठलेली बॅटरी चार्ज करू नये, तिला रात्री घरातच ठेवावे.

साठवणीची जागा कोरडी व थंड असावी. २० ते २५ अंश उष्णमान उत्तम. आमच्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहूनही अधिक ताप होतो. तेथे बॅटरी ठेवणे म्हणजे ती हाताने बिघडविणे होय. घरातील मातीच्या भिंतीची आतली खोली याकामी बरी. बॅटऱ्या ड्रोनमधून काढून, टोके झाकून, लोखंडी पेटीत एकमेकींपासून अंतर राखून ठेवाव्यात. पेटी हवाबंद करू नये. जवळ कडबा, कापूस, डिझेल वा कीटकनाशके नसावीत. पेटीत घालण्यापूर्वी औषधाचे शिंतोडे कोरड्या फडक्याने पुसावेत, कारण त्यांनी पितळी टोके गंजतात.

पेटी बंद केली म्हणजे काम संपले असे नव्हे. बॅटरीतील नियंत्रक मंडळ स्वतःच थोडी वीज खात असते. याकरिता महिन्यातून एकदा दाब तपासून एका वहीत प्रत्येक बॅटरीच्या क्रमांकापुढे लिहावा. सेलासेलांत तफावत वाढत असेल, तर ती बॅटरी कामाच्या दिवशी दगा देण्यापूर्वीच वहीतून कळते.

फुगलेली, चेपलेली अथवा पाण्यात पडलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. चार्जिंग चालू असता कोणीतरी जवळ असावे. रात्री चार्जिंग लावून झोपू नये. आग लागल्यास प्रथम माणसांनी दूर व्हावे, कारण धूर विषारी असतो. शक्य तर मुख्य बटणावरून वीज तोडून अग्निशामक दलास बोलवावे. निकामी बॅटरी उकिरड्यावर टाकू नये व जाळू नये. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ती विक्रेत्यामार्फत परत करावी.

खांडेनवमीस आपण अवजारे धुऊनपुसून पूजतो. त्याच दिवसांत खरिपाची फवारणी ओसरत असते. तेव्हा बॅटऱ्यांचा दाब पाहून त्या नीट ठेवण्याची रीत घातल्यास विसर पडणार नाही. कपाशीवर बोंडअळी आली म्हणजे फवारणीस मोजकेच दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत बसून राहिलेल्या यंत्राचा तोटा मालकासच नव्हे, तर त्याच्यावर विसंबलेल्या साऱ्या गावास होतो. वर सांगितलेल्या निगेस खर्च जवळजवळ नाही. महिन्याची अर्धी घटका पुरते. तेवढी ती द्यावी, अशी आमची विनंती आहे.